खाजनाचा बांध, मानशीची पावणी आणि तंत्रज्ञान : सामाजिक प्रश्नावरचा उद्योग गोव्यात कसा उभा राहील?

मांडवीकाठ

उद्योग आणि तंत्रज्ञान यांच्या आधारे सामाजिक प्रश्न सोडवता येतात का, या विषयावर बोलताना आपण फार लवकर दूरच्या उदाहरणांकडे वळतो आणि चर्चा मोघम होते. म्हणून या धाग्यात मी गोव्यातला एकच प्रश्न घेतो, तो म्हणजे खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून खारे पाणी अडवून केलेल्या शेतीचा. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या खाड्यांच्या काठी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. यातली बरीचशी जमीन आज पडीक आहे, आणि काही ठिकाणी तर बांध फुटून ती कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली आहे.

ज्यांनी खाजन जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. खाडीच्या बाजूला चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे वापरून घातलेला मोठा बांध असतो आणि त्या बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात. या कामाला वीज लागत नाही. मानशीच्या आतल्या अंगाला पोय असते, जिथे शेतातले पाणी येऊन साठते आणि मासळी वाढते. पावसाळ्यात भात आणि त्यानंतर मासळी, असे हे चक्र आहे. मानशीवर मासे धरण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी लिलावाने दिला जातो, त्यालाच आपण पावणी म्हणतो, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी मूळ व्यवस्था आहे.

ही व्यवस्था पूर्वी गावकारी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणारी जुनी ग्रामसंस्था, पाहत असे. पोर्तुगीज आले तेव्हा गावकारी इतकी रुजलेली होती की १५२६ मध्ये त्यांनी तिचे रिवाज लेखी नोंदवून मान्य केले. मुक्तीनंतर १९६४ चा कुळवहिवाट कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली, आणि बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे, म्हणजे कुळांच्या संघटनांकडे, आली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. परंतु बांध हा कोणा एकाच्या मालकीचा नसतो, आणि एका ठिकाणी तो फुटला की साऱ्या गावाचे शेत बुडते. शेत एकेकाचे आणि बांध सर्वांचा, ही गाठ अजून नीट सुटलेली नाही.

आता माझा प्रस्ताव. मानशीवर पाण्याची पातळी आणि खारेपणा मोजणारी उपकरणे बसवावीत, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ड्रोनने बांधाची पाहणी करावी, आणि खाजनातला कोरगुट हा खार सोसणाऱ्या जातीचा तांदूळ चांगल्या किमतीने विकणारी शेतकऱ्यांचीच एक कंपनी उभी करावी. यातली तांत्रिक बाजू जमण्यासारखी आहे असे मला वाटते. मला खरी चिंता आहे ती पैशाच्या बाजूची. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनिशी ते सुरू केले, पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नावर मोफत शस्त्रक्रिया चालवल्या, आणि डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग परवडत नव्हते तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ते स्वतः तयार केले. तिथे कोण पैसे देणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते आणि तंत्रज्ञान त्या हिशेबाच्या मागून आले. खाजनाच्या बाबतीत उपकरणाचे पैसे पाचव्या वर्षी कोण देणार, आणि ते बंद पडले तर बांधावर कोण जाणार, हे मला अजून नेमके दिसत नाही. या दोन प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

अंत्रुजी

मांडवीकाठ, विषय चांगला मांडलात. मापन उपकरणांचे काम हाच माझा व्यवसाय असल्याने त्या बाजूने लिहितो.

पाण्याची पातळी मोजणे सोपे आहे, परंतु खाडीत ते फार काळ मोजत राहणे कठीण आहे. उपकरण पाण्यात बुडवले की थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ धरते, मग शिंपल्यांचे थर बसतात आणि आकडे हळूहळू सरकू लागतात. उपकरण बंद पडले तर निदान कळते तरी. ते चुकीचे आकडे देत राहिले तर कोणालाच कळत नाही आणि तेच अधिक घातक असते. त्यामुळे पातळीसाठी पाण्याच्या वर टांगलेले, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे उपकरण वापरावे. खारेपणा मोजणाऱ्या कांडीला मात्र पाण्याला स्पर्श करावाच लागतो, म्हणून ती कायमची बुडवून न ठेवता दर काही दिवसांनी माणसाने हातात धरून मोजणी करावी, असे माझे मत आहे. हातात धरायचे मीटर स्वस्त असते, धुऊन ठेवता येते आणि प्रमाणित द्रावणात बुडवून तपासताही येते.

खारेपणाचे आकडे शेतकऱ्याला उपयोगी पडावेत म्हणून सांगतो. पाणी जितके खारे तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, म्हणून खारेपणा तिच्यावरून मोजतात. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साधारण ५० डेसीसीमेन्स प्रति मीटर असते, तर मातीतील पाण्याची वाहकता ३ च्या वर गेली की नेहमीच्या भातजातींचे उत्पादन घटू लागते. कोरगुटसारख्या खार सोसणाऱ्या जाती याच्या बऱ्याच पुढे तग धरतात. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले म्हणजे मानशीची एक झडप रात्रभर उघडी राहण्याचा अर्थ काय, ते ध्यानात येते.

भरतीच्या वेळा सांगण्यासाठी मात्र कोणतेही उपकरण नको. मुरगाव बंदराची भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी आगाऊ छापतो, आणि त्यात आपल्या खाडीपर्यंत पाणी पोहोचायला लागणारा वेळ मिळवला की काम भागते. उधाणाच्या आदल्या दिवशी कूळ संघाच्या सभासदांना मराठीतून आणि कोंकणीतून एक संदेश जाईल, एवढी सोय जवळजवळ फुकटात होते. नवे काही विकत घेण्यापूर्वी जे आधीच उपलब्ध आहे ते गावापर्यंत पोहोचते का, हे पाहावे असे मी नेहमी सांगतो.

आमच्या भागातल्या एका मानशीवर असे उपकरण पूर्वी बसवले गेले होते. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली, आणि पहिल्याच पावसाळ्यात सौर पटलाच्या खालच्या जोडणीत खारे पाणी शिरून ते थांबले. ती जोडणी बदलायला कोणी आले नाही, कारण बदलण्याचे काम कोणाचे, हे कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते. तो खांब अजून तिथेच उभा आहे.

बांधावरचा

मी खाजनात शेती करतो, माझ्या वडिलांनीही केली. वरच्या दोन्ही लेखनांत बरेच खरे आहे, परंतु बांध कसा फुटतो ते आधी सांगायला हवे.

बहुतेक वेळा बांध उधाणाच्या लाटेने फुटत नाही, आधी तो आतून पोकळ झालेला असतो. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळे करतात. एखादे बीळ बाहेरच्या बाजूने आत येत येत जवळजवळ आरपार जाते, आणि मग भरतीच्या वेळी बांधाच्या आतल्या उतारावर, गवताच्या मुळाशी, बोटाएवढी ओल दिसू लागते. ती ओल स्वच्छ पाण्याची असेल तर अजून वेळ आहे असे समजावे. पाणी गढूळ येऊ लागले म्हणजे ते बांधाची माती घेऊन येत आहे आणि त्याच ओहोटीत काम करावे लागते. जाणता माणूस बिळाचे बाहेरचे तोंड पायाने चाचपून शोधतो, तिथला भुसभुशीत भाग काढून टाकतो आणि खाडीतला चिकट चिखल पेंढ्यात मळून आत ठासतो. हे काम अर्ध्या दिवसाचे असते. ते टळले तर पुढच्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला तिथे भगदाड पडते आणि मग लाखो रुपयांचे कंत्राट निघते. ड्रोनमधून ही ओल दिसेल का, याचे उत्तर अंत्रुजी बाब यांनी द्यावे. मला तरी वाटते की बांधावरून रोज चालणारा माणूस हाच यावरचा उपाय आहे. पूर्वी असा माणूस गावकारीच्या पगारावर असे आणि आज तो नाही.

दुसरी गोष्ट भांडणाची. खाजनात सगळ्यात मोठे भांडण मे महिन्यात होते. पावणी घेणाऱ्याला कोळंबी अजून थोडी वाढायला हवी असते, म्हणून तो खारे पाणी आत धरून ठेवतो. आम्हाला मात्र पावसाआधी शेत कोरडे करून तापवायचे असते, कारण मगच पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन जाते. पाणी जून लागेपर्यंत आत राहिले तर मीठ वेळेत उतरत नाही आणि पेरलेला मोड करपतो. आम्ही तक्रार करतो, तो म्हणतो की झडप गळकी आहे. मानस रात्री कोणी उघडली हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नसते. कोळंबीच्या एका हंगामाचे पैसे भाताच्या पिकापेक्षा जास्त असल्यामुळे काही ठिकाणी शेत मुद्दाम बुडू दिले जाते, आणि एकदा दोन-तीन वर्षे पाणी राहिले की तिथे खारफुटी उगवते. मग ती तोडायला कायद्याने मनाई असते आणि ते शेत कायमचे गेले.

माझ्या दृष्टीने तुमच्या उपकरणाचा पहिला उपयोग बांध फुटण्याचा अंदाज सांगणे हा नाही. मानस कधी उघडी होती, याची कोणालाही नाकारता न येणारी नोंद आम्हाला मिळाली तरी पुष्कळ झाले.

तिसवाडीकर

खारफुटीचा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो. खारफुटी कार्बन साठवते आणि त्याबद्दल जगात पैसे देणारे उद्योग आहेत. पाण्याखाली गेलेल्या खाजनांत जी कांदळवने वाढली आहेत, त्यांच्या कार्बन श्रेयातून, म्हणजे साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणाऱ्या पैशातून, उरलेल्या बांधांच्या दुरुस्तीचा खर्च काढता येणार नाही का?

केवडा

तिसवाडीकर, हा विचार वरवर आकर्षक असला तरी मला त्याची भीती वाटते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातली कांदळवने किंवा नदीकाठची नैसर्गिक खारफुटी राखण्यासाठी पैसे मिळत असतील तर ते अवश्य घ्यावेत. परंतु बुडालेल्या शेतावर उगवलेल्या खारफुटीला पैसे मिळू लागले की शेत बुडवणे हाच फायद्याचा व्यवहार ठरेल. बांधावरचा यांनी कोळंबीबद्दल जे लिहिले आहे, तेच अधिक मोठ्या रकमेने घडेल. सामाजिक प्रश्नावर उद्योग उभारताना त्या उद्योगाचा नफा प्रश्न मिटल्यावर वाढतो की प्रश्न टिकल्यावर वाढतो, हे आधी तपासले पाहिजे. आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जाच्या बाबतीत हेच घडले. गरीब स्त्रियांना कर्ज मिळावे हा हेतू चांगला होता आणि बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला व मुहम्मद युनुस यांना २००६ मध्ये त्यासाठी शांततेचे नोबेलही मिळाले होते. परंतु आंध्रात कर्जाची संख्या वाढवणे हाच कंपन्यांचा फायदा ठरला, एकाच घरावर अनेक कर्जे चढली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढून वसुलीला आळा घालावा लागला.

मी अनेक वर्षे सहकारी संस्थांचे हिशेब पाहते, म्हणून मांडवीकाठ यांच्या कंपनीच्या प्रस्तावावर थोडे सविस्तर लिहिते.

कंपनी शेतकऱ्यांची असावी हे योग्यच आहे आणि त्यासाठी कायद्यात तरतूद आहे. कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी हा प्रकार आला. त्यात किमान १० उत्पादक एकत्र येऊन नोंदणी करू शकतात, आणि भाग कितीही असले तरी व्यक्ती सभासदाला मत एकच असते. म्हणजे कंपनीची शिस्त आणि सहकाराची समता ही दोन्ही तिथे एकत्र येतात. गोव्याला सहकार नवा नाही. सुपारी आणि काजूच्या बागायतदारांनी फोंड्यात गोवा बागायतदार सोसायटी उभी केली आणि तिच्यामुळे लहान कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, असलेल्या माणसालाही आपला माल कुठे नेऊन घालायचा हा प्रश्न उरला नाही. भाताच्या बाबतीत असे घर आपण अजून उभे केलेले नाही.

अमूलची गोष्ट सांगताना आपण नेहमी सहकाराबद्दल बोलतो आणि त्यातल्या तंत्राचा भाग विसरतो. खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ मध्ये स्थापन झाला, परंतु हिवाळ्यात दूध वाढले की त्याचे करायचे काय, हा प्रश्न होताच. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदचा कारखाना उभा राहिला. यंत्र महत्त्वाचे ठरले, कारण ते नेमके संघाच्या अडचणीवर बसले आणि संघाच्याच मालकीचे होते. वर्गीस कुरियन यांनी तिथे आयुष्य घातले ते शेतकऱ्यांचे नोकर म्हणून, आणि ते स्वतः तसे अभिमानाने सांगत.

आता पाचव्या वर्षाच्या प्रश्नाबद्दल. अनेक तरुण मंडळी अशा प्रकल्पासाठी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे पाहतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, हे खरे आहे. परंतु चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच असते. म्हणजे तो निधी उपकरणे विकत घ्यायला उपयोगी पडेल, ती चालवायला नाही. खाजनाला स्वतःचे असे एकच नियमित उत्पन्न आहे, आणि ते म्हणजे मानशीची पावणी. पैसा शोधायचा तर तो तिथेच शोधावा लागेल.

शिरस्तेदार

केवडाताईंच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे.

पारंपरिक

मी पशुवैद्यकाशी संबंधित काम करतो, म्हणून गोव्यातले एक उदाहरण देतो, कारण त्यातून माणूस आणि उपकरण यांच्यातला संबंध चांगला दिसतो. गोव्यात कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाची मोहीम मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने राबवली. दरवर्षी निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे शास्त्राला आधीपासून ठाऊक होते. परंतु रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी कोणते सुटले, हेच कळत नसे. पथकांना एक मोबाइल ॲप देण्यात आले, ज्यात प्रत्येक लसीची जागा नकाशावर नोंदली जाते, पथक कोणत्या गल्लीतून गेले ते दिसते आणि दुसऱ्या दिवशी राहिलेल्या भागात जाता येते. २०१८ पासून सलग काही वर्षे गोव्यात माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

या यशात ॲपचा वाटा होताच. परंतु पहाटे जाळी घेऊन कुत्र्यामागे धावणारी माणसे होती, चावा घेतल्याची बातमी कळवण्यासाठी दूरध्वनी होता, शाळांतून मुलांना समजावणारे शिक्षक होते आणि सरकारने त्यासाठी पैसे मोजले. इथे कोणी कुत्र्याच्या मालकाला लस विकत नव्हते. काही प्रश्न असे असतात की ज्याला लाभ होतो त्याच्याकडून पैसे मागणेच चुकीचे असते, कारण लाभ सर्वांना विखुरलेला असतो. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचेही तसेच आहे. २००८ पासून ते काम एक खाजगी कंपनी करते, परंतु तिला पैसे बुडणारा माणूस देत नाही, राज्य देते. बांधाचा लाभ फक्त शेतकऱ्यालाच मिळतो का? पूर आला की पाणी साठवणारी जागा खाजनच असते, आणि बांध गेला तर त्यामागच्या वाड्यावरच्या विहिरीसुद्धा खाऱ्या होतात. म्हणून पावणीबरोबर पंचायतीचा आणि सरकारचा वाटाही धरला पाहिजे.

अंत्रुजी

बांधावरचा यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनमधून गवताखालची ओल दिसणार नाही. बांधाची उंची कुठे खचली आहे, चिऱ्यांचा थर कुठे सुटला आहे, काठ कुठे खाल्ला गेला आहे, हे मात्र चांगले कळते, आणि दोन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली की खर्चाचा अंदाज बांधायला त्यांचा उपयोग होतो. बिळांसाठी बांधावर चालणारा माणूसच हवा.

मानस उघडी होती की मिटलेली, याची नोंद ठेवणे मात्र सर्वात सोपे काम आहे. झडपेवर एक चुंबक आणि चौकटीवर एक बंदिस्त स्विच एवढे पुरते. असा स्विच भरतीच्या रेषेच्या वर बसवता येतो, त्याला पाण्याचा स्पर्श होत नाही आणि एक बॅटरी पुष्कळ काळ टिकते. झडप हलली की वेळ नोंदली जाते. ती वेळ भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिली की भरती चढत असताना झडप उघडी होती का, याचे उत्तर मिळते. झडप गळकी असेल तर तेही वेगळे ओळखता येते, कारण झडप मिटलेली असूनही आतली पातळी भरतीबरोबर वाढताना दिसते. म्हणजे पावणीदाराचे म्हणणे खरे असेल तर तेही याच नोंदीतून सिद्ध होईल, आणि हे मला महत्त्वाचे वाटते. नोंद एका पक्षाची हेर वाटली तर ते यंत्र कोणीतरी रात्रीत उपटून खाडीत टाकील.

यासाठी नोंदीची मालकी कोणाची, हा प्रश्न उपकरणाआधी सुटायला हवा. ती बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर राहू नये. कूळ संघ, पावणीदार आणि पंचायत या तिघांनाही ती एकाच वेळी, एकाच स्वरूपात दिसावी, आणि महिन्यातून एकदा तिचा कागद पंचायतीच्या फलकावर लागावा.

बांधावरचा

अंत्रुजी बाब, झडप गळकी असल्याचेही कळेल हे वाचून बरे वाटले. आमच्या पावणीदारांतही सरळ माणसे आहेत आणि उगाच त्यांच्यावर आळ येऊ नये.

कोरगुट तांदळाबद्दल मात्र मला सावध करावेसे वाटते. शहरातल्या दुकानात लाल तांदळाची सुंदर पिशवी दिसते, परंतु शेतात त्याची अडचण वेगळी आहे. कोरगुटचे झाड उंच असते, परतीच्या पावसात ते लोळते आणि लोळलेले पीक यंत्राने नीट कापता येत नाही. हाताने कापायला माणसे मिळत नाहीत. खाजनाच्या चिखलात जड यंत्र रुततेही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून गोवा धान नावाच्या खार सोसणाऱ्या जाती काढल्या आहेत, त्यांचा विचार व्हावा. त्यानंतर प्रश्न येतो भात भरडण्याचा. प्रत्येकाकडे थोडे थोडे भात असते आणि गिरणीत ते दुसऱ्या जातीच्या भातात मिसळते. मिसळलेल्या तांदळाला कोरगुटची किंमत कोण देणार? कंपनी काढायचीच असेल तर तिने पिशवी छापण्याआधी एक लहान गिरणी, वाळवायला पक्के खळे आणि चिखलात चालणारे हलके कापणी यंत्र घ्यावे. ती तीन कामे झाली तर पडीक ठेवलेली शेते निम्म्याने तरी परत पेरली जातील, असे मला मनापासून वाटते. पेरलेल्या शेताच्या बांधाकडे माणूस आपोआप जातो. पडीक शेताच्या बांधाकडे कोणी फिरकत नाही.

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. ही चर्चा वाचल्यावर माझ्या प्रस्तावाचा क्रम पूर्ण बदलला आहे, म्हणून तो नव्याने मांडतो.

सुरुवात पावणीच्या करारापासून व्हावी. पुढच्या लिलावाच्या अटींतच असे लिहावे की पावणीच्या रकमेचा एक निश्चित हिस्सा वेगळ्या खात्यात जाईल आणि तो फक्त बांधावर चालणाऱ्या माणसाचा पगार, चिखल-पेंढ्याची किरकोळ दुरुस्ती आणि मानशीवरची नोंद यांसाठीच खर्च होईल. शेत कोरडे करण्याची मे महिन्यातली तारीखही त्याच करारात असावी. ती कोष्टकातल्या उधाणांचा विचार करून दरवर्षी दोन्ही पक्षांनी मिळून ठरवावी आणि तारीख उलटली तर अनामत रकमेतून कपात व्हावी. अंत्रुजी म्हणतात तो चुंबक आणि स्विच याच कराराचा भाग झाला तर तो कोणा एकाचा राहणार नाही. स्विचच्या देखभालीचे काम गावातल्याच एखाद्या विजेच्या कामाची माहिती असलेल्या तरुणाला वार्षिक मोबदल्यावर द्यावे आणि त्याने किती दिवसांत दुरुस्ती करायची, तेही लिहावे.

तांदळाची कंपनी त्यानंतर, आणि बांधावरचा यांनी सांगितलेल्या क्रमाने. गिरणी, खळे आणि यंत्र यांच्यासाठी एकदाच लागणारे भांडवल सामाजिक दायित्व निधीतून किंवा सरकारी योजनेतून घेता येईल, कारण केवडाताईंनी सांगितल्याप्रमाणे तो पैसा अशाच कामाला योग्य आहे. चालवण्याचा खर्च भरडाईच्या दरातून आणि यंत्राच्या भाड्यातून निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर कंपनी काढू नये.

पारंपरिक यांचा मुद्दाही मला पटला. मोठा बांध फुटला तर त्याचा खर्च कोणत्याही पावणीतून निघणार नाही. तो सरकारनेच करायला हवा, आणि आपल्या नोंदींचा उपयोग तिथे मागणी वेळेवर व पुराव्यासह करण्यासाठी होईल.

माझा एक प्रश्न उरतो. ज्या कूळ संघांच्या निवडणुका वर्षानुवर्षे झालेल्या नाहीत किंवा ज्यांचे हिशेब तपासलेले नाहीत, तिथे वेगळे खाते उघडूनही पैसा सुरक्षित राहील का?

केवडा

तिथे खाते उघडू नये. आधी त्या संघाचे हिशेब तपासून घ्यावेत, सर्वसाधारण सभा बोलवावी आणि समिती निवडून आणावी. या कामासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. मामलेदार कार्यालयाकडे लेखी पाठपुरावा करणारे चार सभासद पुरतात, मात्र ते शेवटपर्यंत टिकले पाहिजेत. माझी सूचना अशी की सुरुवातीला एकच मानस निवडावी, जिथे संघ जिवंत आहे आणि पावणीदार बोलायला तयार आहे. बांधावरचा यांच्या गावाची स्थिती तशी असेल तर कराराच्या अटींचा मसुदा मी लिहून देते. पावणी कधी आहे ते कळवावे, म्हणजे त्याआधी सभेत तो वाचून दाखवता येईल.

बांधावरचा

आमच्या संघाची समिती गेल्याच वर्षी निवडली गेली आहे आणि हिशेब तपासलेले आहेत. पावणी पाऊस संपल्यावर, भात कापून झाले की होते. मसुदा गणेश चतुर्थीपूर्वी मिळाला तर बरे, कारण चतुर्थीला बाहेर नोकरीला असलेले सभासदही गावी येतात आणि सभेला कोरम भरतो. त्यात अनामत कपातीची रक्कम रिकामी ठेवावी. ती पावणीदारांना समोर बसवून ठरवू. पंचायतीच्या फलकावर नोंद लावण्याबद्दल मी सरपंचांशी या आठवड्यात बोलतो आणि इथे लिहितो.